काढलेली चरबी आणि उरलेलं शरीर

लायपोसक्शन करून घेतलेल्या काही जणांना वर्षभराने एक प्रश्न छळू लागतो. पोटावरची किंवा मांडीवरची चरबी नळीने ओढून काढलेली असते, ती जागा सपाट झालेली असते, कपडे नीट बसू लागलेले असतात. मग हळूहळू दंड भरल्यासारखे दिसतात, पाठीवर वळी उमटते, कमरेच्या वर काहीतरी साठल्यासारखं वाटतं. वजनकाट्यावर फारसा फरक नसतो. जिथून नळी फिरली तिथे हात फिरवला तर कुठे बधिरपणा असतो, कुठे जळजळ, कुठे त्वचेखाली कडक गाठ. डॉक्टर सांगतात की शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली आहे. घरचे म्हणतात, आता दुखायला काय राहिलं? आणि ती व्यक्ती एकटीच विचार करत राहते, की ही नवी चरबी आली कुठून आणि हे दुखणं संपत का नाही.

या प्रश्नाचं उत्तर समजून घ्यायचं तर चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीतल्या जंगलाच्या जिल्ह्यांकडे पाहिलं पाहिजे, असं मला वाटतं. ऐकायला हे विचित्र वाटेल. लायपोसक्शनचे दवाखाने नागपूर, पुणे, मुंबईत आहेत. झाडीपट्टीतल्या धान लावणाऱ्या बाईचा त्याच्याशी काय संबंध? पण याच पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या एक आजार ठाण मांडून बसला आहे, ज्यात पायाचा आकार माणसाच्या इच्छेविरुद्ध बदलतो, त्यात चरबी साठते आणि पाय आयुष्यभर ठणकतो. तो आजार म्हणजे हत्तीरोगातला हत्तीपाय. एकीकडे चरबी काढल्यामुळे आकार बदलला, दुसरीकडे आजारामुळे चरबी वाढून आकार बदलला. दोन्हींच्या मुळाशी शरीराचा एकच नियम आहे. चरबी हा शरीराचा जिवंत आणि चहूबाजूंनी जोडलेला भाग आहे. तिला एका जागी धक्का लागला की शरीर दुसऱ्या जागी उत्तर देतं. हा नियम कळला की भीतीही कमी होते आणि पुढचं जगणंही थोडं सोपं होतं.

आधी चरबी म्हणजे काय ते पाहू. आपण तिला जास्तीचा साठा समजतो, खाल्लेलं उरलं ते तिथे जाऊन पडलं असं मानतो. पण चरबीच्या पेशी सतत काम करत असतात. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन नावाच्या संप्रेरकाचं जनुक शोधून काढलं. हे संप्रेरक चरबीच्या पेशीच तयार करतात आणि शरीरात साठा किती आहे याची खबर मेंदूला देतात. साठा घटला की लेप्टिन घटतं, आणि मेंदू भूक वाढवून, खर्च आवरून तो साठा भरून काढायचा प्रयत्न करतो. म्हणजे चरबीवर शरीराची पाळत असते. तिच्यात रक्तवाहिन्या असतात, लसिकावाहिन्या असतात, आणि तिच्यातूनच त्वचेकडे जाणाऱ्या बारीक नसा वर चढतात. ज्याला आपण नुसता थर म्हणतो, त्यात एवढी वर्दळ असते.

आणखी एक गोष्ट २००८ साली स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी दाखवली. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बनच्या खुणा पेशींमध्ये मोजून त्यांनी चरबीच्या पेशींचं वय काढलं. प्रौढ माणसात या पेशींची संख्या जवळपास ठरलेली राहते, असं त्यांना आढळलं. दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या तयार होतात. पोटाची शस्त्रक्रिया करून खूप वजन उतरवलेल्या माणसांतही पेशींची संख्या तेवढीच राहिली होती, फक्त त्या आकसल्या होत्या. चरबीच्या बाबतीत शरीर किती चिवट आहे, हे यावरून कळतं.

आता लायपोसक्शनकडे येऊ. चरबी खरवडून काढण्याचा प्रयत्न १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये झाला होता. शार्ल दुजारिए या सर्जननी एका नर्तकीच्या पायांतली चरबी काढताना रक्तवाहिनी दुखावली आणि तिला पाय गमवावा लागला. त्यानंतर कित्येक वर्षं हा नाद बंद होता. १९७०च्या दशकात इटलीत आर्पाद आणि जॉर्जो फिशर या बापलेकांनी, आणि फ्रान्समध्ये इव्ह-जेरार इलूझ यांनी, लहान छेदातून नळी घालून चरबी ओढण्याची रीत बसवली. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियाचे त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी मीठपाणी, बधिर करणारं औषध आणि अ‍ॅड्रेनलिन यांचं द्रावण आधी त्वचेखाली भरायला सुरुवात केली. त्याने रक्तस्राव खूप कमी झाला. आज ही जगात सर्वाधिक होणाऱ्या सौंदर्यशस्त्रक्रियांपैकी एक आहे, आणि योग्य माणसावर, योग्य प्रमाणात, प्रशिक्षित प्लास्टिक सर्जननी केली तर बहुतेकांचं समाधान होतं. हे मान्य करूनच पुढे जायचं आहे.

पण काढलेल्या चरबीनंतर शरीर काय करतं, याकडे बराच काळ कुणी नीट पाहिलं नव्हतं. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ते पाहिलं आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. लठ्ठ नसलेल्या ३२ स्त्रियांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाचं लायपोसक्शन केलं, दुसऱ्या गटाला वर्षभर थांबायला सांगितलं. सहा आठवड्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांची चरबी स्पष्ट कमी होती. वर्षभराने दोन्ही गटांतल्या एकूण चरबीतला फरक उरला नव्हता. मांड्या सडपातळच राहिल्या होत्या. परत आलेली चरबी मुख्यतः पोटावर बसली होती.

ज्या जागेच्या पेशी काढून टाकल्या, ती जागा बऱ्याच अंशी रिकामी राहिली. पण शरीराला आपला साठा भरून काढायचा होता, म्हणून त्याने जिथे पेशी शिल्लक होत्या तिथे तो भरला. वर्षभराने आरशात दिसणारी नवी वळी अशी आलेली असते. शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनकडून चूक झाली म्हणूनच ती येते असं नाही, आणि बाईने खाण्यावर ताबा ठेवला नाही म्हणूनच येते असंही नाही. शरीर आपलं ठरलेलं काम करत असतं.

ब्राझीलमध्ये २०१२ साली झालेल्या एका अभ्यासाने याला महत्त्वाची जोड दिली. पोटाचं लायपोसक्शन केलेल्या ३६ स्त्रियांपैकी निम्म्यांना नंतर चार महिने आठवड्यातून तीनदा व्यायाम करायला लावला. व्यायाम न करणाऱ्यांच्या पोटात आतड्यांभोवतीची खोल चरबी सुमारे १० टक्क्यांनी वाढली. व्यायाम करणाऱ्यांत ती वाढली नाही. ही खोल चरबी बाहेरून दिसत नाही, पण मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी तिचं नातं जवळचं आहे. त्याआधी २००४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमधल्या डॉक्टरांनी १५ लठ्ठ स्त्रियांच्या त्वचेखालची सुमारे १० किलो चरबी काढून पाहिली होती. तीन महिन्यांनंतरही त्यांच्या इन्सुलिनच्या कामात, रक्तदाबात किंवा रक्तातल्या चरबीत सुधारणा झाली नव्हती. थोडक्यात, लायपोसक्शन त्वचेखालची चरबी काढतं, आणि आरोग्याला खरा त्रास देणारी चरबी आत तशीच राहते, कधी वाढतेही.

इथपर्यंत नियमाची एक बाजू झाली. दुसरी बाजू पाहायला झाडीपट्टीत जावं लागतं.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा हे जिल्हे हत्तीरोगाचे जुने जिल्हे आहेत. वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी नावाचा धाग्यासारखा किडा हा त्याचा कर्ता. क्युलेक्स जातीचा डास तो एका माणसातून दुसऱ्यात नेतो. हा डास तुंबलेल्या गटारात, उघड्या सेप्टिक टाकीत, घाण पाण्याच्या खड्ड्यात वाढतो. प्रौढ किडे लसिकावाहिन्यांमध्ये पाच-सहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ राहतात. मादीची लांबी आठ ते दहा सेंटिमीटर भरते. त्यांची सूक्ष्म पिल्लं बहुधा रात्री रक्तात फिरतात. म्हणून हिवताप विभागाचे कर्मचारी रात्री आठनंतर घरोघर जाऊन बोटातून रक्ताचा थेंब घेतात. गावात हे काम सगळ्यांना ठाऊक असतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी या रोगाच्या निदानावर अनेक वर्षं संशोधन केलं, तेही याच विदर्भातल्या रुग्णांच्या गरजेतून.

लसिकावाहिन्यांचं काम समजायला धानाची बांधी डोळ्यांसमोर आणावी. वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत उतरतं, तिथून पुढे नाल्याला मिळतं. मधली वाट बुजली तर वरच्या बांधीत पाणी तुंबतं आणि रोपं सडू लागतात. रक्तवाहिन्यांमधून झिरपलेला द्रव पेशींमध्ये फिरतो आणि लसिकावाहिन्या तो, म्हणजे लसिका, पुन्हा रक्तात पोचवतात. हत्तीरोगाचे किडे या वाहिन्या रुंद करतात, त्यांच्या झडपा निकामी करतात. मग द्रव पायातच तुंबतो. आधी संध्याकाळी सूज येते आणि सकाळी उतरते. काही वर्षांत ती उतरेनाशी होते.

आणि इथे चरबीची गोष्ट पुन्हा येते. तुंबलेल्या पायात फक्त पाणी असतं, असं बराच काळ समजलं जायचं. स्वीडनमधल्या माल्मो शहराचे सर्जन हाकन ब्रोर्सन यांनी स्तनकर्करोगाच्या उपचारांनंतर हात सुजलेल्या स्त्रियांवर १९८७पासून काम केलं. बोटाने दाबलं तरी खळगा पडत नाही, अशा जुन्या सुजेत त्यांना मुख्यतः चरबी सापडली. २००५ साली अमेरिकेत मेम्फिस इथे गियेर्मो ऑलिव्हर यांच्या गटाने त्यामागचं कारण उंदरांत दाखवलं. प्रॉक्स-१ नावाच्या जनुकाची एक प्रत बिघडलेल्या उंदरांच्या लसिकावाहिन्या गळक्या होत्या, आणि ते उंदीर मोठेपणी लठ्ठ झाले. झिरपलेल्या लसिकेने चरबीच्या पेशींना वाढायला लावलं होतं. म्हणजे लसिकेची वाट अडली की त्या जागी चरबी धरते. हत्तीपाय पाण्याने सुजतो, मग चरबीने भरतो आणि शेवटी तंतूंनी घट्ट होतो.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवा. हत्तीपायात लसिका अडली आणि चरबी आली. लायपोसक्शनमध्ये चरबी ओढताना नळी लसिकेच्या बारीक वाटांमधून आणि नसांमधून फिरते. त्यामुळे नंतर काही आठवडे, कधी काही महिने, सूज राहते. बहुतेकांच्या वाटा पुन्हा जुळतात. काहींच्या त्या नीट जुळत नाहीत, तिथे द्रव साठतो, तंतूंच्या गाठी बनतात आणि आकार उंचसखल होतो. चरबी, लसिका आणि नसा एकमेकींत इतक्या गुंतलेल्या आहेत की यातल्या एकीला हात लावून बाकीच्या दोघींना अलिप्त ठेवता येत नाही.

हाच नियम सांगणारा तिसरा अनुभवही या भागाला आहे. १ एप्रिल २००४ पासून भारतात एचआयव्हीची औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागली. पुढे ही औषधं देणारी एआरटी केंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली, चंद्रपुरातही निघालं. त्या पहिल्या वर्षांत सरसकट वापरल्या गेलेल्या औषधांपैकी एक स्टॅव्हुडिन होतं. त्याने असंख्य जीव वाचले. पण ते चरबीच्या पेशींमधल्या ऊर्जाघरांवर आघात करायचं. काही वर्षं ते घेतलेल्या माणसांचे गाल बसायचे, हातापायांच्या शिरा उघड्या पडायच्या, आणि काहींच्या पोटावर किंवा मानेमागे चरबी चढायची. तळपायांची आग व्हायची, मुंग्या यायच्या. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ते औषध मागे घेतलं गेलं आणि टेनोफोव्हिरसारखी औषधं आली. ज्यांचे गाल बसले होते, त्यांतल्या अनेकांचे पूर्ववत भरले नाहीत. जीव वाचल्याची कृतज्ञता आणि बदललेल्या चेहऱ्याचं दुःख, दोन्ही त्यांनी एकाच वेळी सोसलं. या दोन्ही भावना खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी खोडली जात नाही. लायपोसक्शन स्वतःहून करून घेतलेल्या व्यक्तीलाही हे लागू आहे. निर्णय तिचा होता म्हणून तिचं दुखणं खोटं ठरत नाही.

दुखण्याबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण माणूस सर्वांत एकटा तिथेच पडतो. शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे दुखणं, ओढल्यासारखं वाटणं, बधिरपणा हे अपेक्षित असतं. दुखावलेल्या बारीक नसा पुन्हा वाढताना मुंग्या येतात, मधूनच वीज चमकल्यासारखी कळ उठते, आणि हे सहसा हळूहळू ओसरतं. पण शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र स्थान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात ती दीर्घकालीन वेदनेचा एक प्रकार म्हणून नोंदली आहे. नसांच्या वेदनेवर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. त्यासाठी वेगळी औषधं आहेत आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असतात. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यासोबतच्या टिपणात स्पष्ट म्हटलं आहे की माणूस आपल्या वेदनेबद्दल जे सांगतो त्याचा मान राखला पाहिजे.

हे तत्त्व गडचिरोलीने त्याच्या बरंच आधी प्रत्यक्षात आणून दाखवलं होतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी सर्च संस्थेतर्फे जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, आणि तो अभ्यास १९८९ साली लॅन्सेट या नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया सुमारे ८ टक्केच होत्या. या बायका रोवणीला जात होत्या, मोहफुलं वेचत होत्या, तेंदूपाने तोडत होत्या, आणि अंगावर दुखणं काढत होत्या. कुणी विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. स्त्रियांच्या न विचारलेल्या दुखण्याकडे या अभ्यासाने जगाचं लक्ष वेधलं.

हत्तीरोगाचंही तसंच. बाई लुगड्याच्या घोळात पाय झाकते, पुरुष अंडवृद्धी धोतराआड लपवतो. शहरातली बाई लायपोसक्शनची गोष्ट सासरी, कधी माहेरीही सांगत नाही. जे सांगितलंच नाही, त्याचं दुखणं तरी कुणाला सांगणार? लाज या तिघांना एका रांगेत आणून बसवते. उपचाराला उशीर होण्याचं एक मोठं कारण ही लाज आहे.

मग जगायचं कसं? इथे हत्तीपायाच्या रुग्णांनी कमावलेलं शहाणपण उपयोगी पडतं. हत्तीरोगाच्या गोळ्या किड्यांची पिल्लं मारतात आणि रोगाचा पसार थांबवतात. घट्ट झालेला पाय त्यांनी पूर्वीसारखा होत नाही. त्या पायासोबत राहण्याची रीत वेगळी आहे आणि ती रोज पाळायची असते. पाय साबणाने आणि साध्या पाण्याने धुवायचा. बोटांच्या बेचक्या कापडाने हलकेच टिपून पूर्ण कोरड्या करायच्या. चिखल्या झाल्या असतील तर मलम लावायचं. बसताना, झोपताना पाय उंच ठेवायचा. घोटा गोल फिरवायचा, टाचा उचलायच्या. हे फार लहानसं वाटतं, पण याच्यामागे ठाम कारण आहे. बेचकीतल्या भेगेतून जंतू शिरतात, ताप येतो, पाय लालबुंद होऊन ठणकतो, आणि असा प्रत्येक झटका पायात आणखी तंतू सोडून जातो. झटके थांबवले की पायाची वाढ थांबते. चार महिने चिखलात उभं राहून रोवणी, निंदण करणाऱ्या बाईसाठी बेचकी कोरडी ठेवणं हाच सर्वांत मोठा उपचार आहे.

ब्रोर्सन यांनी सुजलेल्या हातातली चरबी काढली, तेव्हाही त्यांनी रुग्णांना पहिल्याच दिवशी अट घातली, की आवळ कपड्याची बाही आयुष्यभर घालावी लागेल. ती सोडली की सूज परतते. त्यांचे रुग्ण ती घालत राहिले आणि हात आकारात राहिले. शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, तिचं यश पुढच्या प्रत्येक दिवसावर उभं असतं. सौंदर्यासाठी केलेल्या लायपोसक्शनला आयुष्यभराची बाही लागत नाही, पण हा धडा त्यालाही लागू आहे.

म्हणून ज्यांना शस्त्रक्रियेनंतर अनपेक्षित चरबी आणि दुखणं यांच्यासोबत राहावं लागतं आहे, त्यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आपल्या शस्त्रक्रियेची कागदपत्रं मागून घ्या. कुठून किती चरबी काढली, कोणतं द्रावण वापरलं, हे त्यात असलं पाहिजे. एका वेळी पाच लिटरहून जास्त काढणं मोठ्या प्रमाणातलं समजलं जातं आणि त्याला जास्त देखरेख लागते. महिन्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच जागी टेपने माप घ्या आणि वहीत लिहा. आरसा रोज वेगळं सांगतो, वहीतल्या आकड्यांवर तुम्ही आणि तुमचे डॉक्टर दोघंही विसंबू शकता. दुखण्याचीही नोंद ठेवा. कुठे, कसं, केव्हा, कशाने वाढतं आणि कशाने उतरतं, हे लिहिलेलं असलं की डॉक्टरांना नसांचं दुखणं ओळखणं सोपं जातं.

चालणं आणि व्यायाम चालू ठेवा. ब्राझीलच्या त्या स्त्रियांनी खोल चरबीला याच मार्गाने रोखलं. दाबाचा कपडा सांगितला असेल तर सांगितलेला काळ घाला. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना, असा कपडा अंगात ठेवणं किती कठीण आहे, हे पुण्या-मुंबईच्या दवाखान्याला कळेलच असं नाही. ते त्यांना सांगा. शस्त्रक्रियेची तारीख हिवाळ्यात घेण्याचा आग्रह धरा. मालिश करायची तर लसिकेच्या वाटा ओळखणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून करून घ्या. जोर लावून केलेली मालिश दुखावलेल्या जागेला आणखी दुखावते. आकार उंचसखल वाटला तरी पुन्हा शस्त्रक्रियेची घाई करू नका. सूज पूर्ण उतरायला आणि ऊती मऊ पडायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि त्याआधी केलेली दुरुस्ती बऱ्याचदा नवा बिघाड ठरते.

काही लक्षणं दिसली तर मात्र थांबू नका. ताप येणं, जागा लाल आणि गरम होणं, दुखणं उतरण्याऐवजी वाढत जाणं, एकाच पोटरीत सूज आणि कळ येणं, दम लागणं, छातीत दुखणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठला पाहिजे. गडचिरोलीच्या टोकाच्या गावातून नागपूर गाठायचं तर अख्खा दिवस जातो. म्हणून आधी जवळचं ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठा, आणि शस्त्रक्रिया झाल्याचं तिथे न लपवता सांगा.

डॉक्टरांनाही एक विनंती आहे. हत्तीरोगाच्या भागात कुठलाही जाड पाय पाहिला की तो हत्तीपाय म्हटला जातो. पण अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अ‍ॅलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी १९४० साली वर्णन केलेला लिपेडिमा हा वेगळा आजार आहे. त्यात बाईचे दोन्ही पाय मांडीपासून घोट्यापर्यंत सारखे भरतात, पाऊल मात्र बारीकच राहतं, दाबलं की दुखतं, आणि उपाशी राहून ते पाय उतरत नाहीत. अशा बाईला आयुष्यभर सांगितलं जातं की तू खातेस म्हणून फुगतेस. तिचं पाऊल पाहा, मग बोला. आणि लायपोसक्शननंतर दुखतं असं सांगणाऱ्या बाईला शस्त्रक्रिया छान झाल्याचं सांगून परत पाठवू नका. शस्त्रक्रिया छान होऊनही दुखू शकतं, हे तुम्हालाच सर्वांत चांगलं ठाऊक आहे.

जो अजून विचारच करतो आहे, त्याने शस्त्रक्रियेआधी सर्जनना विचारावं, की वर्षभराने परत येणारी चरबी कुठे बसेल, ती रोखायला मला काय करावं लागेल, आणि दुखणं राहिलं तर मी कुणाकडे जायचं? या तिन्हींची सरळ उत्तरं न देणाऱ्याच्या हाती आपलं शरीर देऊ नये.

शरीराला आपण कितीदा तरी तुकड्यातुकड्यांनी पाहतो. पोट वेगळं, मांडी वेगळी, पाय वेगळा. धान लावणाऱ्या बाईचा सुजलेला पाय, औषधाने बसलेले गाल आणि नळी फिरलेलं पोट एकच गोष्ट सांगतात, की शरीर सलग आहे आणि केलेल्या प्रत्येक बदलाला ते उत्तर देतं. त्या उत्तरावर चिडून किंवा लाजून उपयोग नाही. ते ऐकून घ्यावं, त्याची नोंद करावी, रोजची काळजी घ्यावी आणि मदत मागावी. आणि झाडीपट्टीतल्या वाचकांना वेगळं सांगणं एवढंच, की हत्तीरोगाच्या मोहिमेत आशाताई गोळ्या घेऊन दारात आल्या की आपल्याला रोग नाही म्हणून त्या नाकारू नका. लहान बाळं, गरोदर बायका आणि खूप आजारी माणसं सोडून घरातल्या सर्वांनी त्या आशाताईंच्या समोरच गिळाव्यात. किडा अंगात असूनही कित्येक वर्षं काहीच दिसत नाही. पाय घट्ट झाल्यावर गोळी तो पूर्ववत करू शकत नाही, आणि वेळेवर घेतली तर ती वेळच येत नाही.